हप्ता आणि हंगाम

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून दानाचा महिमा सांगितला जावा, हे स्वाभाविकच आहे. आजचा विषय दानाच्या शेजारचा, पण त्याहून जरा रूक्ष आहे. खेड्यातील गरीब कुटुंबाला पाच-दहा हजारांचे कर्ज मिळाले तर त्याचा संसार उभा राहतो काय आणि राहिला तर कशामुळे, हा तो विषय होय. कर्जाने तरलेली आणि कर्जाने बुडालेली, अशी दोन्ही प्रकारची घरे वर्धा जिल्ह्याने एकाच गावात, कधी एकाच गल्लीत पाहिली आहेत. तेव्हा कर्ज चांगले की वाईट, या वादात न शिरता त्याची घडण कशी आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रारंभ सावकारीपासून करावा लागतो. विदर्भातील व्यापारी समाजाने, त्यात जैन आणि मारवाडी पेढ्या आल्याच, पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्याला पैसा पुरविला, हा इतिहास झाकून ठेवण्याने काही साधत नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पत वाढली, कर्जे वाढली. युद्ध संपले, भाव उतरले, आणि कागदावरचे आकडे मात्र तसेच राहिले. पश्चिम महाराष्ट्रात याच ओढाताणीतून १८७५ मध्ये सुपे येथे आणि आसपासच्या गावांत कर्जरोखे जाळण्यापर्यंत मजल गेली. वर्धा त्या वेळी मध्य प्रांतात होते. तेथे १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा आणि पुढच्याच वर्षी सावकारी नियंत्रणाचा कायदा झाला. महाराष्ट्राचा अलीकडचा सावकारी कायदा २०१४ चा. ऐंशी वर्षांच्या अंतराने पुन्हा कायदा करावा लागतो, याचा अर्थ सावकार मधल्या काळात कोठे गेलेलाच नव्हता.

तो का टिकला, हे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहण्याजोगे आहे. सावकाराचा दर जाचक होता आणि जमिनीच्या खरेदीखतावर त्याचा डोळा असे, हे खरे. परंतु त्याला हंगाम कळत होता. मृगाच्या तोंडावर तो बियाण्याला पैसे देई आणि दिवाळीनंतर कापूस घरात आला की वसुलीला येई. श्रावणात त्याने हप्ता मागितला नाही, कारण श्रावणात शेतकऱ्याच्या घरी पैसा नसतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. बँकेने दर स्वस्त केला, तरी हे ज्ञान मात्र तिला सहजासहजी आत्मसात करता आले नाही.

गेल्या पाव शतकात या जिल्ह्यावर काय ओढवले, ते सर्वांनी पाहिलेच आहे. २००५ मध्ये डोरली गावाने ‘हे गाव विकणे आहे’ असा फलक लावला, तेव्हा वर्ध्याचे नाव देशभर गेले. २००६ च्या जुलैत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत-योजना जाहीर केली. त्या सहांत वर्धा होते. २००८ ची कर्जमाफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण मिळाली. कोरडवाहू विदर्भात तीन-चार हेक्टर असलेला माणूसही गरीबच असतो, ही गोष्ट त्या नियमात बसली नाही. शिवाय माफी बँकेच्या कर्जाची होती, खाजगी देण्याची नव्हती. पुढे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकच अडचणीत आली. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने वर्धा, नागपूर आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँकांना परवाना नाकारला, आणि त्यांच्या पुनरुज्जीवनाची योजना केंद्राने मंजूर केली ती २०१४ च्या नोव्हेंबरात. गावच्या सेवा सोसायटीचा झरा ज्या बँकेतून वाहतो तीच आटल्यावर शेतकऱ्याने कोणाच्या दारी जावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

याच काळात गावागावांत दुसरी एक गोष्ट शांतपणे वाढत होती. ती म्हणजे महिलांचा बचत गट.

बचत गटाची कल्पना बाहेरून आली असे पुष्कळांस वाटते. बांगलादेशात प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये जोब्रा गावात बेचाळीस जणांना स्वतःच्या खिशातून मिळून सत्तावीस डॉलर दिले, त्यातून ग्रामीण बँक झाली आणि २००६ चे नोबेल शांतता पारितोषिक तिला व युनूस यांना विभागून मिळाले. ही कथा सुप्रसिद्ध आहे. आपल्याकडील गट मात्र निराळ्या वाटेने आले. ग्रामीण बँकेत प्रथम कर्ज असते, तर गटात प्रथम बचत. कर्नाटकातील मायराडा संस्थेने १९८० च्या दशकात हे काम केले, पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात डॉ. सुधा कोठारी यांच्या चैतन्य संस्थेने त्याच दशकाच्या अखेरीस ते महाराष्ट्रात रुजविले, आणि १९९२ मध्ये नाबार्डने पाचशे गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. तारण नाही, जामीन नाही. गटाची वही हेच तारण, असा तो क्रांतिकारक निर्णय होता.

गटाचा हिशेब सभागृहातील मंडळींना चटकन कळेल. अकरा बाया महिन्याला शंभर रुपये जमा करतात. वर्षाचे तेरा हजार दोनशे होतात. त्यातून एखादीने तीन हजार घेतले, दरमहा शेकडा दोन व्याज, दहा महिने तीनशे-तीनशे मुद्दल परत. व्याज उरलेल्या मुद्दलावर आकारल्यामुळे एकूण होते तीनशे तीस रुपये, आणि ते जाते गटाच्याच पेटीत, म्हणजे अंशतः तिच्याच खात्यावर. हेच तीन हजार तिने गावातल्या माणसाकडून शेकडा पाचने उचलले आणि केवळ व्याज देत राहिली, तर दहा महिन्यांत दीड हजार रुपये जातात व तीन हजारांचे मुद्दल जसेच्या तसे डोक्यावर राहते. शेकडा दोन म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के, हा दर काही लहान नव्हे. परंतु व्याज कोणाच्या घरी जाते, यालाही महत्त्व आहे.

येथे दराविषयी एक गोष्ट ओघात सांगायला हवी, कारण सुशिक्षित माणसेही त्यात फसतात. ‘बारा टक्के फ्लॅट’ या नावाने जे कर्ज विकले जाते, त्यात दहा हजारांवर वर्षाचे बाराशे व्याज आधीच मोजून त्याचे बारा हप्ते पाडलेले असतात. मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवरच लागलेले राहते. खरा दर काढून पाहिला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. ज्या बाईला अंगठा सोडून सही शिकायला दोन महिने लागले, तिने हा हिशेब कसा करावा?

वर्धा जिल्ह्यात गटांच्या कामाला निश्चित वळण मिळाले ते २०११ नंतर. त्यापूर्वी १९९९ पासून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना होती. तीत अनुदान होते, आणि अनुदान होते म्हणूनच पुष्कळ गट स्थापन झाले व अनुदान वाटून झाल्यावर विसर्जितही झाले. त्याही आधीच्या योजनेत एकच म्हैस चार बँकांच्या कागदांवर उभी असे, हा विनोद जुन्या बँक अधिकाऱ्यांकडून ऐकावयास मिळतो. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, २०११ मध्ये सुरू झाले तेव्हा प्रारंभीच्या सघन जिल्ह्यांत वर्धा घेण्यात आले. आंध्र प्रदेशातील अनुभवी ग्रामीण महिलांनी येथील महिलांना शिकविले. येथे तयार झालेल्या महिला पुढे इतर जिल्ह्यांत जाऊन गट बांधू लागल्या. अशा महिलांना अभियानात ‘वर्धिनी’ म्हणतात. या नावातील वर्ध्याचा ध्वनी कोणाही वर्धेकराच्या कानाला सुखावणारा आहे. परगावी पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करणारी, कालपर्यंत निंदणाला जाणारी बाई दुसऱ्या गावच्या बाईला हिशेबाची वही शिकविते, याचे मोल कोणत्याही अनुदानापेक्षा अधिक मानावे लागेल. महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे ‘माविम’ने, याच्या अगोदरपासून, विशेषतः २००७ च्या तेजस्विनी कार्यक्रमातून, लोकसंचालित साधन केंद्रांचे जाळे विणले होते, त्याचाही लाभ झाला.

येथवर सारे उजळ आहे. आता मूळ प्रश्न. पैसा हातात आला. त्याचे करायचे काय?

समजा, देवळी तालुक्यातील एका भूमिहीन कुटुंबातील बाईने कर्ज काढून दोन शेळ्या घेतल्या. शेळी गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांनी विते. पिलू विकण्याजोगे होण्यास आणखी सहा-आठ महिने जातात. म्हणजे गाभण नसलेली शेळी घेतली तर पहिला पैसा वर्षभराने येणार. कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच आठवड्यापासून किंवा महिन्यापासून सुरू होतो. हा हप्ता ती कोठून भरते? मजुरीतून. आणि मजुरी बुडाली, मूल आजारी पडले, की शेळी विकून. कर्ज फिटते, बँकेच्या कागदावर वसुली शंभर टक्के दिसते, आणि घर पूर्वी होते तेथेच राहते, किंबहुना एक पायरी खाली.

गाईचे तसे नाही. गाय भाकड असते तेवढे दोन-तीन महिने सोडले, तर दूध रोज निघते आणि त्याचा पैसा ठरल्या दिवशी हाती येतो. आर्वी, आष्टी, कारंजा या भागांतील गवळाऊ गाय आपल्या जिल्ह्याची ओळख आहे. गांधीजींच्या प्रेरणेने उभे राहिलेले वर्ध्याचे गोरस भांडार गाईचे दूध विकत घेणारे ठिकाण होते, म्हणून आसपासच्या खेड्यांतील गोपालकाला गाय परवडली. गोरसपाक खाताना आपल्या मनात हे येत नाही, एवढेच. हप्त्याचे कर्ज चालते ते असे रोजच्या, आठवड्याच्या आवकीवर. कापसाच्या पेरणीसाठी मासिक हप्त्याचे कर्ज काढणे म्हणजे जूनमध्ये पेरून जुलैमध्ये बोंड मागणे होय.

कपड्यांचेच उदाहरण घ्या. गटाच्या कर्जातून शहरातून साड्या घेऊन गावात विकण्याचा धंदा अनेक बाया करतात. साडी खपते, परंतु उधारीवर. घेणारी म्हणते, कापूस निघाला की देते. कापूस निघतो तेव्हा खताचे देणे आधी उभे असते. वर्ध्याच्या कापड बाजारातील कोणत्याही दुकानाची जुनी खातेवही उघडली, तर हीच कथा तेथे मोठ्या अक्षरांत सापडेल. दुकानदाराचे भांडवल मोठे असल्यामुळे तो तरतो. दहा हजारांच्या भांडवलातील सहा हजार उधारीत अडकले की त्या बाईचा धंदा बसला.

कर्जाची परतफेड आवकीच्या मोसमाशी जोडता येते, याचा एक जुना दाखला सेवाग्रामातच आहे. १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेली आरोग्य विम्याची योजना गावांत राबविली. वर्गणी पैशांत नव्हती; सुगीच्या वेळी, कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे, ज्वारीच्या रूपात घेतली जाई. घरात ज्वारी असते तेव्हाच ती मागायची, एवढी साधी गोष्ट. आजारपण हे गरिबाच्या कर्जाचे प्रमुख कारण असते, म्हणून या योजनेचा आपल्या विषयाशी दुहेरी संबंध आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाची जी तपासणी केली, तीही येथे उपयोगी पडते. अभिजित बॅनर्जी (त्यांच्या मातोश्री मूळच्या पाटणकर, हे मराठी माणसाला ऐकायला आवडते) आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह हैदराबादच्या १०४ वस्त्यांत लघुकर्जाचा परिणाम मोजला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी तो वाढविला, काहींनी नवा काढला, परंतु सरासरी कुटुंबाच्या खर्चात, मुलांच्या शिक्षणात वा स्त्रियांच्या स्थानात लक्षणीय फरक पडला नाही. कोलकात्यात दुसरा एक प्रयोग झाला. काही कर्जदारांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरण्याची मुभा दिली. त्यांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि तीन वर्षांनंतर त्यांचा नफा अधिक निघाला. त्यांच्यात थकबाकीही वाढली, हे सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. सवलत फुकट मिळत नाही; कोणीतरी जोखीम उचलावी लागते.

खाजगी वित्तसंस्थांनी ती उचलली नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीचा अतिरेक होऊन सरकारला वटहुकूम काढावा लागला. २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातही महिलांनी या कंपन्यांच्या वसुलीविरुद्ध मोर्चे काढले. मजुरीचा रोख पैसा थांबला, हप्ता थांबला नाही. एकाच बाईला तीन-तीन कंपन्यांनी कर्ज दिलेले असे, आणि दुसरे पहिल्याच्या हप्त्यासाठी काढलेले. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या एप्रिलपासून लागू केलेल्या नियमांत वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत, असे बंधन घातले. बंधन योग्य आहे. पण ज्या घरी उत्पन्न दोन महिने येते आणि दहा महिने येत नाही, तेथे ‘महिन्याचे उत्पन्न’ म्हणजे नेमके काय धरावे, हा प्रश्न उरतोच.

आता आपल्या न्यासासारख्या संस्थांनी काय करावे? वर्धापनदिनी शिलाई यंत्रांचे वाटप करावे, छायाचित्र काढावे, ही प्रथा सर्वत्र रूढ आहे. हेतू उत्तम असतो. परंतु तीन-चारशे उंबऱ्यांच्या गावात बारा यंत्रे गेली तर शिवायला तेवढे कापड कोठून येणार, हे वाटपापूर्वी क्वचितच विचारले जाते. न्यासाने स्वतः कर्जे द्यावीत, अशीही सूचना काही तरुण कार्यकर्ते करतात. त्यांनी १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा पाहावा. न्यासाचा निधी कोठे गुंतवावा, यावर त्यात निर्बंध आहेत, आणि ते योग्यच आहेत. बँका, उमेद, माविम यांच्याकडे गटांसाठी पैसा आहे. वेळेवर फेडणाऱ्या गटाला तो सावकाराच्या तुलनेत फारच स्वस्त पडतो. उणीव आहे ती घेणाऱ्याची, आणि घेतल्यावर वेळेवर पैसे देणाऱ्याची.

मगनवाडीत १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांनी त्याचे काम सांभाळले, तेव्हाही हाच पेच होता. कारागिराला साधन देता येते, त्याचा माल कोण घेणार? चरखा संघाने तर १९३५ मध्ये कातणाऱ्या बाईला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह धरला, मग खादी महाग झाली तरी चालेल. व्यापारी दृष्टीने तो निर्णय धाडसाचा होता आणि त्याची किंमत खादीला मोजावीही लागली. परंतु प्रश्नाचे मूळ मजुरीत आणि विक्रीत आहे, हे त्यांनी ओळखले होते.

समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. समजा, तेथील एक गट कर्ज काढून ओली हळद घेतो, शिजवितो, वाळवितो, दळतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पुड्या करून शहरातील दुकानांत ठेवतो. दुकानदार माल ठेवून घेतो आणि सांगतो, पैसे खपल्यावर. खपल्यावर म्हणतो, पुढल्या वेळेस. साठ दिवस, नव्वद दिवस. मोठ्या कंपनीचा प्रतिनिधी आला की त्याला मात्र धनादेश मिळतो, कारण तो माल थांबवू शकतो. गटाच्या बायांना ते शक्य नसते. तिकडे बँकेचा हप्ता पाच तारखेला. तो भरण्यासाठी गट दुसरीकडून उचल करतो, आणि हळदीत मिळालेला नफा त्या व्याजात जिरतो. थकलेल्या हप्त्याची नोंद बँकेच्या पुस्तकात गटाच्या नावावर होते, दुकानाच्या नावावर होत नाही.

लघुउद्योगांची देणी पंचेचाळीस दिवसांत द्यावीत, असा कायदा २००६ पासून आहे. त्याकडे बाजाराने लक्ष दिले नाही. पुढे आयकराच्या ४३ बी (एच) या तरतुदीने थकविलेल्या देण्याची वजावट रोखली, तेव्हा २०२४ च्या मार्चअखेर कापड बाजारात उडालेली धावपळ या सभागृहातील अनेकांस स्मरत असेल. ती तरतूद नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकांसाठी होती. नोंदणी नसलेल्या गटाला तिचा आधार नाही. त्याला आधार एकच, तो म्हणजे गल्ल्यावर बसलेल्या माणसाची इच्छा.

आपल्या भोजनशाळेत आणि चातुर्मासातील स्वामीवात्सल्यात वर्षाकाठी हळद, तिखट, धणे, डाळी, पापड किती लागतात, याची नोंद न्यासाच्या वह्यांत आहे. ओली हळद आपल्याकडे वर्ज्य असली तरी सुकी हळद चालते. तेव्हा वायगावच्या हळदीला धर्माचीही अडचण नाही. एप्रिलमध्ये वर्षभराची खरेदी गटांकडून करून माल उतरवताच रक्कम चुकती केली, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही, निधीही लागत नाही. जो पैसा पुढे कोणाला तरी द्यायचाच आहे, तो आधी द्यायचा एवढेच. त्या गटाचा हप्ता त्या महिन्यात त्याच पैशातून भरला जाईल आणि उरलेल्या भांडवलातून पावसाळ्याआधी पापडाची एक खेप आणखी निघेल. समाजातील दुकानदारांपैकी ज्यांना हे करता येईल त्यांनी गटाचे बिल वेगळ्या फाइलमध्ये लावावे आणि त्यावर माल आल्याची व पैसे दिल्याची अशा दोन्ही तारखा लिहाव्यात. वर्षाअखेर त्या दोन तारखांमधील अंतर मोजून पाहता येईल.

जय जिनेंद्र.